हातोड्याला आलेले पळायचे बूट

मामांच्या हातून आजवर एक कप फुटलेला नाही, ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्यानं विचारेपर्यंत थांबत. समोरचा विचारत नाहीसं दिसलं की विषय फिरवून फिरवून त्याला विचारायला लावत, आणि मग "छे, त्यात काय एवढं" म्हणून अर्धा तास सांगत. काचसामानाच्या दुकानात, मागच्या खोलीत, त्यांचं टेबल होतं. एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला रद्दीची चळत, समोर सुतळीचं रीळ. पुढं गिऱ्हाईक टीसेट पसंत करी, तो मागं मामांकडं येई, आणि मामा एकेक कप तान्ह्या पोरासारखा गुंडाळून खोक्यात निजवत. कानाला वेगळी घडी, कडेला वेगळी, आणि कपाला कप टेकता कामा नये. पार्सल जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतला चमचा हलणार नाही, असं ते म्हणत. एकदा मालकानं खरंच गडगडवून पाहिलं होतं, कारण मालकही तसलाच होता.

संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं की हेच हात दुसऱ्या कामाला लागत. मागच्या गल्लीत एका जुन्या गॅरेजात बॉक्सिंगचा क्लब होता, आणि ग्लोव्ह्ज चढवण्याआधी तिथल्या सगळ्यांच्या मुठींना पट्टी बांधायची ती मामांनीच. तुम्ही म्हणाल, पट्टी काय, कुणीही बांधेल. बांधून बघा एकदा. मुठीत बारीक बारीक हाडं असतात आणि ती सासरच्या माणसांसारखी, जागा कमी पडली की एकमेकांच्या अंगावर जातात. पट्टी सैल झाली तर मारणाऱ्याचाच हात मोडतो, आवळली गेली तर बोटं जांभळी पडतात. मामांची पट्टी अशी, की मूठ उघडली तर ती आहे हे कळू नये आणि मूठ मिटली की हात आणि मनगट एक व्हावं. यातही त्यांचा लौकिक होता आणि याबद्दलही ते स्वतःहून काही सांगत नसत.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, पॅकिंगमध्ये वेळ गेला. जवळचं माणूस म्हणजे एक मोठी बहीण. तिची लाँड्री होती, आणि लाँड्रीच्या मागं दोन खोल्यांत ती, तिचा एकुलता एक मुलगा आणि मामा असं तिघांचं बिऱ्हाड. मेहुणे लवकर गेले, पोराला मामांनी अंगाखांद्यावर खेळवलं, आणि तो असा काही वाढला की नंतर मामांनाच त्याच्या खांद्यावर बसता आलं असतं. दाराच्या चौकटीत तो आडवा होऊन शिरायचा. दिवसभर आईच्या लाँड्रीत बायकांच्या झालरीच्या झग्यांना इस्त्री करायचा, एक चुणी वाकडी नाही, आणि संध्याकाळी क्लबात वाळूचं पोतं बडवायचा. होता होता तो शहराचा चॅम्पियन झाला. कमरेला चॅम्पियनचा पट्टा आला, पोस्टरवर ‘हातोडा’ असं नाव आलं. ताईला ते नाव मुळीच आवडलं नाही, पण पोस्टर फुकट छापलं होतं म्हणून ती गप्प बसली.

हे नाव ठेवणारा म्हणजे खुर्चीवाला. त्याचा मूळ धंदा खुर्च्या भाड्यानं देण्याचा. समारंभ नसले की त्याच्या खुर्च्या गोदामात पडून राहत, ते त्याच्या जिवाला लागायचं. म्हणून तो बॉक्सिंगच्या लढती भरवायचा, म्हणजे निदान खुर्च्यांवर माणसं तरी बसतील. लढत ठरवायला तो लाँड्रीत येई आणि मानधनाची बोलणी ताईशी होत. ही बोलणी ऐकायला गिऱ्हाइकं मुद्दाम कपडे न्यायला उशीर करत. ताई आकडा सांगे, खुर्चीवाला छातीवर हात ठेवी, ताई त्याला पाणी देई, आणि पाणी पिऊन होईतो आकडा थोडा चढलेला असे.

असं सगळं छान चाललेलं असताना वेल्डर उपटला.

शहराच्या पलीकडच्या टोकाला तो खिडक्यांचे गज जोडायचा. बोलायला कमी, दिसायला साधा, आणि लढलेला एकूण एक माणूस त्यानं आडवा केला होता. सुट्टीच्या दिवशी मामा त्याची लढत बघायला गेले. खारे दाणे घेतले, ऐसपैस बसले. पहिल्याच फेरीत वेल्डरचा डावा हात खालून वर आला आणि समोरच्याच्या बरगडीखाली असा बसला की मामांच्या हातातले दाणे खाली सांडले. आता त्यांच्या भाच्याची एक खोड होती. उजवा ठोसा मारून झाला की त्याचं उजवं कोपर जरा बाहेरच राहायचं, जणू काम कसं झालंय ते बघायला. फार नाही, एवढंसं. पण त्या एवढ्याशा फटीतून वेल्डरचा तो हात कसा आत जाईल हे मामांना लख्ख दिसलं, आणि पुढची लढत न बघताच ते घरी आले.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत ताई कपड्यांच्या चिठ्ठ्या टाचत होती. मामा तिच्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वेल्डरबरोबर लढत ठरवायला आला ना, की जास्त माग. एवढं माग की खुर्चीवाला उठूनच गेला पाहिजे."

"का? तो घाबरला का?" ताईनं विचारलं.

"त्याला कुठं काय माहीत आहे. मी घाबरलो."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. पाळीव मांजर मेलं तेव्हा बघितलं होतं तसं बघितलं, आणि बरं म्हणाली. पडद्यापलीकडं इस्त्री चालली होती, तिची वाफ जरा थांबली आणि परत सुस्स झाली.

मग काय विचारता. खुर्चीवाला आला, ताईनं आकडा सांगितला, त्यानं छातीवर हात ठेवला. ताईनं या खेपेला पाणी दिलंच नाही. तो गेला, पुन्हा आला, ताईनं आकडा आणखी वाढवला. आल्यागेल्या गिऱ्हाइकांनी ही बातमी शहरभर केली. हातोड्याला वेल्डरशी लढायचं नाही, म्हणून आईच्या आडून पैसे फुगवतोय, असा सगळीकडं बोभाटा झाला. न्हावी दाढी करता करता विचारी, काय मामा, भाव उतरला का. पाववाला विचारी, चॅम्पियन हल्ली फक्त उशांशी लढतो म्हणे. स्थानिक पेपरात ‘हातोडा की हातरुमाल’ असा मथळा आला. क्लबच्या शटरवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत ‘पळपुटा’ लिहून गेलं. मामा रंगाचा डबा घेऊन पुसायला गेले तर रंग नेमका अक्षरांशीच एवढा जुळला, की त्यांना नवी झळाळी आली.

आणि एक दिवस लाँड्रीच्या दारात एक खोकं आलं. आत पळायचे बूट. कोरे, पिवळेजर्द, बरोबर चिठ्ठी: ‘चॅम्पियनला, कामाला येतील.’

ताईचा पारा चढला. मामा खोकं उचलून बाहेर टाकायला निघाले, पण तोवर भाच्यानं एक बूट पायात घातला होता. मग दुसरा घातला. खोलीतल्या खोलीत दोन उड्या मारल्या. "माप किती नीट घेतलंय," तो म्हणाला, "मला कधी तयार बूट मिळतच नाहीत." आणि दुसऱ्या दिवसापासून हा बहाद्दर रोज सकाळी तेच पिवळे बूट घालून भर रस्त्यानं पळायला जाऊ लागला. लोक खिडक्यांतून शिट्ट्या मारायचे, ‘पळ, वेल्डर आला’ म्हणून ओरडायचे, आणि हा त्यांना हात करायचा. बघणाऱ्याला वाटे, याला कळत नाही की याला लाज नाही.

मामांना मात्र फार लागायचं. भीती आपली आणि बोलणी लेकराला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाचा एकच कप दोनदा गुंडाळला आणि दुसरा तसाच ठेवला. जाऊन सांगावं का सगळ्यांना, की अरे, पळपुटा मी आहे? पण सांगितलं की लढत होणार, लढत झाली की ते कोपर बाहेर राहणार. नाव वाचवावं तर बरगडी जाते, बरगडी वाचवावी तर नाव जातं. मामा रोज रात्री बरगडीच्या बाजूनं कौल देत आणि रोज सकाळी पिवळे बूट दिसले की त्यांना आपलीच चीड येई.

शेवटी खुर्चीवाला परत आला. या खेपेला ताईनं ठरवलं, एकदाच काय ते सांगून याची खोड मोडायची. तिनं आधी असा आकडा सांगितला की गिऱ्हाइकांतल्या एका बाईच्या हातातली पिशवी खाली पडली. वर म्हणाली, मुलाला झगा पाहिजे, रेशमी, आतून अस्तर लावलेला. आणि आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना पहिल्या रांगेत खुर्च्या पाहिजेत, गादीच्या. आणि न्यायला मोटार पाहिजे, परत सोडायलाही पाहिजे, आणि ड्रायव्हर शिट्टी वाजवणारा नको. बोलता बोलता तिलाही रंग चढला. म्हणाली, आणि माझ्या भावाला त्या दिवशी भरपगारी रजा.

खुर्चीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. छातीवर हातही ठेवला नाही. "कबूल," तो म्हणाला. "झग्याचा रंग कुठला?"

ताईचं तोंड उघडं ते उघडंच. जन्मात पहिल्यांदा तिला पुढं काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून ती "जांभळा" म्हणाली, आणि लढत ठरली.

झालं होतं असं, की तुम्ही जितकं नाही म्हणालात तितकी लोकांची उत्सुकता वाढली, हे खुर्चीवाल्यानंच मग समजावून सांगितलं. शहरातल्या ज्या माणसांना बॉक्सिंगचा ‘ब’ माहीत नव्हता तीसुद्धा आता हातोडा कधी सापडतो याची वाट बघत होती. हॉल दोनदा भरेल एवढी तिकिटं त्यानं लढत ठरायच्या आधीच तोंडी विकून ठेवली होती. म्हणजे ताई आणि मामा इतके दिवस लढत टाळत नव्हते, तिची जाहिरात करत होते. करायला गेलो काय आणि झालं काय. मामा मागच्या खोलीत जाऊन कपड्यांच्या गाठोड्यावर मट्‌कन बसले. भाच्यानं मात्र हातातली इस्त्री नीट उभी करून ठेवली, बाहेर आला, आणि आईला उचलून एक गिरकी घेतली. घरातल्या घरात एक खुर्ची मोडली, पण ती काही भाड्याची नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. मामांनी भाच्याच्या कोपराला दोरी बांधून बघितली, काखेत वर्तमानपत्र धरायला लावून बघितलं, शेवटी तिथं एक रिकामा कप धरायला लावला. कप पडला. मामांच्या हयातीत फुटलेला पहिला कप तो, पण भाच्याच्या हातून फुटला म्हणून त्यांनी तो मोजला नाही. खोड काही गेली नाही. जित्याची खोड ती.

लढतीच्या दिवशी मोटार आली. ड्रायव्हर शिट्टी वाजवत नव्हता, पण गुणगुणत होता. ताईनं त्याला वाटेतच गप्प केलं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत अख्खा जिना गादीच्या खुर्च्यांवर बसलेला, जो तो शेजारच्याची गादी दाबून बघत होता. ताई आजवर मुलाच्या एकाही लढतीला आली नव्हती. आता तिनं स्वतःच मागून घेतलेली खुर्ची होती म्हणून ती आली, आणि खुर्ची उलटी फिरवून रिंगणाकडं पाठ करून बसली. मी लोकांच्या तोंडाकडं बघेन, म्हणाली, तेवढ्यावरून कळेल मला.

आता लढतीचा एक नियम आहे. एका बाजूच्या हातांना पट्टी बांधताना दुसऱ्या बाजूचं एक माणूस समोर बसून बघतं, आत कुणी काही कठीण वस्तू बिस्तू घालू नये म्हणून. बघायचं, आणि बांधून झालं की पट्टीवर सही करायची. एवढंच काम. हात लावायचा नाही.

भाच्याची पट्टी मामांनी बांधली, तेव्हा समोर वेल्डरचा थोरला भाऊ बसला होता. हा ट्रकवर माल लादून पोचवायचा. तो दोनदा जांभई देऊन सही करून मोकळा झाला. मग मामा उठून वेल्डरच्या खोलीत गेले, स्टुलावर बसले, पेन काढलं. ट्रकवाल्यानं पट्टी घेतली आणि भावाचा हात बांधायला सुरुवात केली.

अरे देवा. हा बांधत होता की ताडपत्री आवळत होता? मनगटाशी गाठ, गाठीवर गाठ, बोटांच्या मुळाशी जिथं जाड थर पाहिजे तिथं नुसता एक वेढा, आणि अंगठा असा जखडला की तो बिचारा बघता बघता लाल होऊन निळा व्हायला लागला. असल्या पट्टीनं वेल्डरनं तो खालून वरचा ठोसा जोरात मारला तर भाच्याची बरगडी जाईल न जाईल, वेल्डरची मूठ मात्र नक्की जाणार. आणि हे कळलं तसे मामा स्टुलावर जरा सैल बसले. म्हणजे काही करायचंच नाही. नुसतं बसायचं, सही करायची. वेल्डर दुसऱ्यातिसऱ्या फेरीत हात धरून बसेल, भाचा धडधाकट राहील, पट्टाही राहील आणि नावही राहील. इतके दिवस ज्याच्यासाठी झोप गेली ते ताटात वाढून समोर आलं होतं.

मामांनी पेन उघडलं. पेन बंद केलं. खिडकीबाहेर बघितलं, तिथं भिंत होती, ती बघितली. पण हात शिवशिवायला लागले. ट्रकवाल्यानं पट्टीचं टोक दातानं फाडलं, तेव्हा मामा स्टुलावरून उठलेच.

"सोड ते," ते म्हणाले.

ट्रकवाला म्हणाला, हात लावायचा नाही असा नियम आहे. नियम मला शिकवू नकोस, त्याचा अंगठा बघ आधी, असं मामा म्हणाले. दोघांची जुंपणार तेवढ्यात वेल्डरनं स्वतःच दोन्ही हात मामांपुढं धरले.

"तुम्हीच बांधा मामा," तो म्हणाला. "हा मला सिमेंटचं पोतं समजतो."

मामांनी गाठी सोडवल्या, पट्टी पुन्हा गुंडाळून घेतली आणि बांधायला बसले. हातावर ठिणग्यांचे बारीक डाग होते. त्यांनी प्रत्येक बोटाच्या मुळाशी घडी दिली, अंगठ्याला त्याची जागा दिली, मनगट भरून काढलं. हाडाला हाड टेकता कामा नये. मध्ये एकदा तर ते गुणगुणायलाही लागले. शेवटचा वेढा बसला, वेल्डरनं मूठ मिटली, तळहातावर आपटून बघितली आणि त्याचा चेहरा नव्या सायकलवर बसलेल्या पोरासारखा झाला. मामांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. आयुष्यात इतकी सुरेख पट्टी त्यांनी बांधली नव्हती. मोठ्या अभिमानानं त्यांनी खाली सही ठोकली, आणि बाहेर बोळात आल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याच पोराच्या बरगडीसाठी आपण इतकी छान मूठ तयार करून आलो. ते तिथंच भिंतीला टेकले आणि कपाळावर हात मारला. त्यांचा स्वतःचा हात, बिनपट्टीचा, चांगला लागला.

घंटा वाजली. भाच्यानं जांभळा झगा काढला. अस्तर दिसावं म्हणून आधी तो उलटा करून सगळ्यांना दाखवला. लोक ओरडत होते, पळ, पळ. वेल्डर पुढं आला. भाचाही पुढं आला, उजवा ठोसा मारला, आणि हाय रे दैवा, कोपर बाहेर राहिलंच. वेल्डरचा डावा खालून वर आला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. मामांनी डोळे मिटले, कारण तो आवाज भरीव होता, पूर्ण मुठीचा होता, आणि त्यातलं अर्धं काम त्यांचं होतं.

डोळे उघडले तर भाचा उभा. उभा तर उभा, हसतोय.

फेरी संपून तो कोपऱ्यात येऊन बसला. मामांनी पाणी पाजलं, विचारलं, लागलं का. फार लागलं, असं तो म्हणाला, आणि ते इतक्या आनंदानं की मामांना वाटलं डोक्याला मार बसला. पण पुढच्या फेरीत त्यांनी नीट पाहिलं. भाचा असा कधी लढलाच नव्हता. आजवर समोरचे दोन ठोशांत बसायचे आणि हा त्यांना उठवायला हात द्यायचा. आज समोरचा बसत नव्हता. याचे ठोसे त्याला लागत होते, त्याचे याला, दोघं धापा टाकत होते, आणि दोघांच्या तोंडावर एकच हसू. टीसेट इतकी वर्षं खोक्यात ठेवला, त्यातून कुणाला चहा म्हणून दिला नाही, असं काहीतरी मामांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरले. मग ते टॉवेल गरागरा फिरवत असे काही ओरडायला लागले, की रेफ्रीनं येऊन त्यांना दोनदा दटावलं. ताईनं लोकांच्या तोंडांकडं बघून बघून अखेर खुर्ची सरळ फिरवली. शेवटच्या फेरीला सगळा हॉल उभा राहिला, तोही खुर्च्यांवर, आणि खुर्चीवाला रिंगण सोडून ‘खाली उतरा, खाली उतरा’ करत रांगांतून धावत होता.

निकाल वेल्डरच्या बाजूनं लागला. अगदी केसाच्या फरकानं, पण लागला. पट्टा गेला. आणि ज्या लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या त्यांनीच भाच्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, तेव्हा नुसतंच त्याच्याभोवती नाचले. न्हावी तर रडत होता.

नंतर खोलीत मामा खाली मान घालून भाच्याची पट्टी सोडायला बसले. कात्रीनं कापायची त्यांची पद्धत नव्हती, ते वेढा वेढा उलगडत. भाचा म्हणाला, "मामा, त्याचे हात तू बांधलेस ना?"

मामांचे हात थांबले. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे. पहिला ठोसा बसला तेव्हाच कळलं. म्हटलं, ही आपल्या घरची पट्टी."

मामांच्यानं मग राहवलं नाही. ते म्हणाले, बाळा, चुकलं माझं. हेच नाही, आधीपासूनच चुकलं. पळपुटा तू नव्हतास, पैसे वाढवायला ताईला मीच सांगितलं होतं.

"ते मला माहीत आहे," भाचा म्हणाला. "पडद्याच्या पलीकडं इस्त्रीच करत होतो मी."

"मग बोलला का नाहीस? लोक काय काय म्हणत होते तुला."

भाच्यानं सुटलेल्या हाताची बोटं उघडली, मिटली. "तू घाबरला होतास ना," तो म्हणाला. "तुझी भीती जाईपर्यंत थांबावं म्हटलं. तोवर पळून घेतलं."

मामांनी दुसरा हात सोडायला घेतला, पण त्यांना पट्टीचं टोक सापडेना. ज्या माणसाला अंधारात गाठ सापडायची त्याला दिव्याखाली टोक सापडेना. शेवटी भाच्यानंच ते शोधून त्यांच्या चिमटीत दिलं.

आता वेल्डर चॅम्पियन होता, तेव्हा परत लढत लावायची तर बोलणी त्यांच्याकडं जाऊन करायला हवी. ताई खुर्चीवाल्याला घेऊन गेली. ट्रकवाल्यानं खुर्ची ओढली, पाय पसरले आणि आकडा सांगितला. वर म्हणाला, झगा पाहिजे, अस्तर दोन्ही बाजूंनी, आणि आमच्या ट्रकअड्ड्यातल्या सगळ्यांना पहिल्या रांगेत गाद्या. ताई छातीवर हात ठेवून घरी आली. कुणी तिला पाणी दिलं नव्हतं. रस्ताभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, की बघा कसे पैसे फुगवतात, सरळ सांगा ना लढायचं नाही म्हणून, पळपुटे मेले. लाँड्रीतली गिऱ्हाइकं तोंडात पदर, रुमाल, हाताला येईल ते कोंबून हसली.

दुसऱ्या दिवशी भाचा पिवळे बूट घासूनपुसून मामांच्या दुकानात घेऊन आला. चांगले बांधून दे, म्हणाला, वेल्डरला पाठवायचेत. मामांनी टेबल मोकळं केलं. बुटांत कागद भरला, नाडीची गुंडाळी केली, बुटाला बूट टेकणार नाही असे ते खोक्यात निजवले. चिठ्ठी तीच घातली, नुसती उलटी करून पत्ता लिहिला. सुतळी ओढायच्या आधी मामा थांबले, खिशातून नव्या पट्टीची दोन रिळं काढली आणि बुटांच्या मध्ये नीट बसवली. हे कशाला, असं भाच्यानं विचारलं.

"तो ट्रकवाला परत बांधेल त्याचे हात," मामा म्हणाले, "आणि सरावातच मूठ मोडून घेतली त्यानं, तर आपण लढायचं कुणाशी?"